बेइत बैरूतचे दार वर्षभर उघडे ठेवा : बैरूतच्या महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य, नगर परिषद, बैरूत
माननीय मुहाफिज (प्रशासकीय प्रमुख), बैरूत
(माहितीसाठी : संस्कृती मंत्रालय, लेबनॉन)

महोदय, महोदया,

सोदेको चौकात, दमास्कस रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी असलेली पिवळ्या दगडाची बरकात इमारत आपल्या मालकीची आहे. २००३ मध्ये महानगरपालिकेने ती सार्वजनिक हितासाठी संपादित केली. तेथे बैरूतचे आणि बैरूतच्या स्मृतीचे संग्रहालय होईल, असे आपणच जाहीर केले, त्यासाठी पॅरिस शहराचे साहाय्य घेतले, मोठा खर्च करून डागडुजी केली आणि वास्तूला ‘बेइत बैरूत’, म्हणजे बैरूतचे घर, असे नाव दिले. एवढे सगळे होऊनही त्या घरात कायमस्वरूपी संग्रहालय नाही. एखादे प्रदर्शन भरले की दार उघडते आणि प्रदर्शन आवरले की पुन्हा कुलूप लागते. एप्रिल २०२५ मध्ये लेबनॉनमधील यादवी युद्धाच्या प्रारंभाला ५० वर्षे झाली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपली परिषद नव्याने निवडून आली. या प्रश्नावर आता गप्प राहणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. त्याचा अरबी आणि इंग्रजी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मूळ पत्र मराठीत आहे, कारण ज्या शहरांत मी काम करते तेथील वास्तुरचनाकारांनी, नगरसेवकांनी आणि नागरिकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते. मी आपल्या शहराची मतदार नाही आणि करदातीही नाही, तेव्हा माझा या विषयाशी संबंध काय, हा प्रश्न आपण विचारणे रास्त आहे. ४ ऑगस्ट २०२० रोजी बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेहून अधिक माणसे गेली आणि जेमेझे, मार मिखाएल या जुन्या वस्त्यांतील शेकडो घरे खिळखिळी झाली. पुढे त्या घरांची पाहणी आणि नोंद करणाऱ्या एका गटाबरोबर मला काम करायला मिळाले. दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीतील तीन कमानींची खिडकी, तिचे सडपातळ संगमरवरी खांब, लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा करून बांधलेली बगदादी पद्धतीची छते, मार्सेच्या तांबड्या कौलांची छपरे आणि बोटाने चोळला तर वाळू होऊन सुटणारा ‘रमले’ नावाचा स्थानिक वालुकाश्म, या सगळ्यांची मी खोलीखोलीतून मापे घेतली आहेत.

त्या कामात पाहिलेली एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. मार मिखाएलमधील एका घरात स्फोटाच्या हादऱ्याने दिवाणखान्याच्या भिंतीवरचा गिलावा मोठ्या तुकड्यांनी गळून पडला होता. त्याखाली दगडात गोल खड्ड्यांची एक तिरकी ओळ होती आणि प्रत्येक खड्डा राखाडी सिमेंटने लिंपून वरून रंग दिलेला होता. त्या यादवीतल्या गोळ्यांच्या खुणा होत्या. घरातल्या तरुण मुलीने त्या पहिल्यांदाच पाहिल्या. तिचे आईवडील त्याच खोलीत होते आणि दोघांपैकी कोणीही त्याविषयी बोलायला तयार नव्हते. मी नोंदवहीत खड्ड्यांची संख्या, त्यांचा व्यास आणि भरावाचे साहित्य लिहिले, कारण माझ्या कामाची मर्यादा तेवढीच होती. त्या मुलीला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची एक सार्वजनिक जागा त्या शहरात असायला हवी होती. अशी जागा आपल्या मालकीची आहे आणि ती बंद आहे.

बरकात इमारत साधी नाही. १९२४ मध्ये युसुफ अफ्तीमुस यांनी तिची रचना केली आणि १९३२ मध्ये फुआद कोझाह यांनी तिच्यावर मजले चढवले. आपले सदस्य ज्या महानगरपालिका भवनात बसून निर्णय घेतात ते भवनही अफ्तीमुस यांचेच आहे, याची आठवण मी मुद्दाम करून देते. कोपऱ्यावरच्या घराचा दर्शनी भाग सहसा भरीव असतो. येथे मात्र इमारत दोन भागांत उघडते, नेमका कोपरा मोकळा राहतो आणि तो खांबांच्या ओळींनी, सज्ज्यांनी आणि जिन्याने जोडला जातो. त्यामुळे आतल्या अगदी मागच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसालाही दोन-तीन खोल्या, मधला मोकळा कोपरा आणि त्यापलीकडचा चौक अशी सरळ दृष्टी मिळते. प्रत्येक बिऱ्हाडाला उजेड, वारा आणि रस्त्याची सोबत मिळावी, हा त्या रचनेचा हेतू होता. १९७५ नंतर शहराचे पूर्व आणि पश्चिम असे तुकडे पाडणारी हरित रेषा या चौकातून गेली आणि तीच सरळ दृष्टी नेमबाजांच्या कामी आली. आतल्या खोल्यांत वाळूच्या गोण्या आणि काँक्रीटचे जाड आडोसे उभे राहिले, त्यांत बंदुकीच्या नळीपुरत्या फटी ठेवल्या गेल्या. नेमबाज घराच्या पोटात सुरक्षित बसत आणि चौक ओलांडणारा माणूस त्यांच्या माऱ्यात येई. वास्तुरचनेचा उत्तम गुण तसाच्या तसा हत्येचे साधन कसा होतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी इमारत मला ठाऊक नाही. ही गोष्ट छायाचित्रातून कळत नाही. त्या फटीमागे उभे राहून चौकाकडे पाहिले तरच कळते.

युद्ध संपल्यावर इमारत पाडायला काढली होती. १९९० च्या दशकात वास्तुरचनाकार मोना हल्लाक आणि त्यांच्यासारख्या नागरिकांनी वर्तमानपत्रांतून, निवेदनांतून, भेटीगाठींतून लढा दिला आणि पाडकाम थांबले. तळमजल्यावर ‘फोटो मारिओ’ नावाचा छायाचित्रांचा स्टुडिओ होता. त्याच्या ढिगाऱ्यात हल्लाक यांना निगेटिव्ह सापडल्या : पासपोर्टसाठी बसलेली माणसे, लग्नाची जोडपी, मांडीवरची बाळे. त्या चेहऱ्यांची ओळख पटवण्याचे काम त्यांनी पुढे वर्षानुवर्षे चालवले. एका नागरिकाने आपल्या हिमतीवर जे जपले, ते सांभाळण्यासाठी शहराने इमारत घेतली, तीवर सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाल्याचे वृत्तपत्रांत आले, आणि तरीही तो ठेवा पाहायला नागरिकाला कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी यावे, याचा कायमचा फलक दारावर नाही. ही माझी पहिली तक्रार आहे.

वास्तुरचनाकार युसुफ हैदर यांनी केलेल्या या इमारतीच्या जीर्णोद्धाराविषयी मतभेद आहेत आणि माझेही एक मत आहे. गोळ्यांनी चाळण झालेला दर्शनी दगड त्यांनी गुळगुळीत केला नाही, नेमबाजांचे आडोसे आणि भिंतींवर नेमबाजांनी लिहिलेला मजकूर जागच्या जागी ठेवला, तुटलेल्या भागांना पोलादाचा आधार दिला आणि तो आधार लपवला नाही. जतनाच्या कामात एवढा संयम विरळा असतो. मागच्या बाजूला जोडलेली नवी काचेची इमारत मात्र मला फार चकचकीत वाटते आणि जुन्या भागाशेजारी ती खटकते. पण या चर्चेलाही अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा लोकांना आत जाता येते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लेबनॉनच्या राज्यसंस्थेने युद्धाविषयी बोलण्याची जबाबदारी कधी घेतलीच नाही. १९९१ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला आणि युद्धातील बहुतेक गुन्ह्यांवर पडदा पडला. शाळेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम स्वातंत्र्याच्या काळाशी येऊन थांबतो. त्यापुढची यादवी आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकायला मिळत नाही. बेपत्ता माणसांचा सरकारी आकडा १७,००० आहे. त्यांच्या कुटुंबीयांची समिती १९८२ पासून दाद मागत होती, आणि बेपत्तांचा शोध घेण्यासंबंधीचा १०५ क्रमांकाचा कायदा व्हायला २०१८ साल उजाडले. न्यायालयाने ऐकायचे नाही आणि शाळेने शिकवायचे नाही, असे ठरले की आठवणीचा सगळा भार कलावंतांवर पडतो. आपल्या शहरात नेमके तेच झाले आहे.

युद्धोत्तर बैरूतची कला जगभर नावाजली जाते, आणि ती ज्या नेटाने घडली त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९३ मध्ये क्रिस्तीन तोहमे यांच्या पुढाकाराने ‘अश्काल अलवान’ ही संस्था उभी राहिली, १९९७ मध्ये ‘अरब इमेज फाउंडेशन’ने घराघरांतली जुनी छायाचित्रे गोळा करायला सुरुवात केली. मरवान रश्माउई यांनी शहराचा प्रचंड नकाशा काळ्या रबरात केला. तो जमिनीवर पसरलेला असतो आणि प्रेक्षक त्यावरून चालतात. त्यांनीच बुर्ज अल-मुर या युद्धामुळे अपुऱ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतीची काँक्रीटमधील प्रतिकृती केली. नेमबाजांनी वापरलेला तो बुरूज आजही क्षितिजावर मोकळ्या खिडक्यांनिशी उभा आहे. २०१८ मध्ये जाद अल-खूरी यांनी त्या खिडक्यांना रंगीत पडदे लावले आणि काही काळ तो वाऱ्यावर हलताना दिसला. जोआना हाजितोमा आणि खलील जोरेज यांनी बैरूतच्या एका विमानातून घेतलेल्या छायाचित्राचे ३,००० तुकडे केले आणि ते आरशावर चिकटवले. प्रेक्षक एकेक तुकडा उचलून घरी नेतो, तसतसे शहर नाहीसे होते आणि त्या जागी आरशात त्याचाच चेहरा दिसू लागतो. वालिद राद यांनी ‘अॅटलस ग्रुप’ या नावाखाली खरे आणि कल्पित दस्तऐवज शेजारी शेजारी मांडले. मोटारबॉम्बनंतर दूर फेकल्या गेलेल्या इंजिनांची छायाचित्रेही त्यात होती, कारण अशा स्फोटात बहुधा इंजिन तेवढे अखंड उरते.

दस्तऐवजाचे रूप या कलावंतांना पुन्हा पुन्हा का घ्यावेसे वाटले, याचा आपण विचार करावा. खरा दस्तसंग्रह नागरिकाला खुला नव्हता, म्हणून त्यांनी आपला दस्तसंग्रह रचला. त्यांच्या कलाकृती लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथील मोठ्या संग्रहालयांत पोचल्या. मुंबईत बसून मी त्यांच्याविषयी वाचते, माझ्या विद्यार्थ्यांना त्या दाखवते. सोदेको चौकातून रोज शाळेत जाणाऱ्या बैरूतच्या मुलाला मात्र त्या आपल्या शहराच्या घरात, ज्या भिंतींविषयी त्या बोलतात त्या भिंतींच्या सान्निध्यात पाहायला मिळत नाहीत. कलावंतांनी आपल्या वाट्याचे काम केले आहे. आता महानगरपालिकेने आपले करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरी तक्रार जुनी आहे, तरी ती सोडून चालणार नाही. युद्धानंतर शहराच्या मध्यभागाची पुनर्रचना १९९१ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने खासगी कंपनीकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला आणि १९९४ मध्ये सोलिदेर ही कंपनी स्थापन झाली. मालकांचे आणि भाडेकरूंचे हक्क समभागांत रूपांतरित झाले, वाचवता आल्या असत्या अशा असंख्य इमारती जमीनदोस्त झाल्या. असीम सलाम यांच्यासारख्या ज्येष्ठ वास्तुरचनाकारांनी त्या वेळी स्पष्ट शब्दांत विरोध नोंदवला होता. राफाएल मोनेओ यांनी रचलेले नवे सूक, म्हणजे बाजार, २००९ मध्ये खुले झाले. त्यांची दगडी बांधणी सुबक आहे, पण जुन्या बाजारात ज्याचे दुकान होते तो माणूस तेथे परतला नाही. हुतात्मा चौकाजवळ यादवीच्या स्मरणार्थ ‘क्षमेची बाग’ करायची होती, कॅथरीन गुस्ताफसन यांनी तिचा आराखडा केला होता, आणि ती बाग लोकांसाठी खुली झालीच नाही. दक्षिणेकडे, २००६ च्या युद्धानंतर हारेत हरैक या उपनगराची पुनर्बांधणी ‘वआद’ प्रकल्पाने अगदी वेगळ्या हाताने केली : माणसे आपापल्या जागी परत आली, ही फार मोठी गोष्ट होती, परंतु वस्ती होती तशीच आणि तेवढ्याच दाटीने पुन्हा उभी राहिली. एका पुनर्रचनेला बाजारभाव हवा होता, दुसरीला घाई होती. दोन्हींमध्ये येथे काय घडले हे सांगणारी जागा कोणी राखली नाही. २०२४ च्या युद्धाने दक्षिणेकडच्या उपनगरांत पुन्हा ढिगारे झाले आहेत. आता तिसऱ्यांदा तेच होऊ नये.

कायदा या बाबतीत आपल्याला फारसा आधार देत नाही, हे मला माहीत आहे. लेबनॉनचा पुरावस्तू कायदा १९३३ चा आहे आणि तो मुख्यतः १७०० सालापूर्वीच्या वास्तूंना संरक्षण देतो. त्यामुळे अफ्तीमुस यांची इमारत, विसाव्या शतकातील काँक्रीट, युद्धाच्या खुणा वागवणारी वास्तू, यांपैकी काहीही त्याच्या कक्षेत आपोआप येत नाही. ‘अंडे’ म्हणून ओळखले जाणारे चित्रपटगृह पाहावे. जोसेफ फिलिप करम यांनी १९६५ च्या सुमारास रचलेल्या सिटी सेंटर संकुलाचा तो उरलेला घुमट. संकुलाचा बाकी भाग पाडला गेला आणि हा काँक्रीटचा गोळा निव्वळ विलंबामुळे वाचला. ऑक्टोबर २०१९ च्या आंदोलनात तरुण मंडळी त्याच्या आत शिरली, प्राध्यापकांनी तेथे अर्थव्यवस्थेवर आणि राज्यघटनेवर खुली व्याख्याने दिली. कित्येक वर्षे कुंपणाआड असलेली वास्तू काही आठवड्यांत सभागृह झाली. त्रिपोलीतील ऑस्कर निमायर यांचे प्रदर्शन-संकुल २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आणि त्याच वेळी धोक्यातील वारशाच्या यादीत गेले. म्हणजे लेबनॉनमधील आधुनिक काँक्रीट हा मानवजातीचा वारसा आहे हे जगाला मान्य आहे. १९३३ च्या कायद्याला मात्र ते दिसत नाही. बंदरातील धान्यकोठारे पाडण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला, तेव्हा स्फोटात जिवलग गमावलेल्या कुटुंबांना ती पाडू नका म्हणून रस्त्यावर उतरावे लागले. त्यांचे म्हणणे अगदी सरळ होते : चौकशी पूर्ण होण्याआधी साक्षीदार नाहीसा करू नका. त्याच उन्हाळ्यात धुमसत्या धान्याच्या आगीने उत्तरेकडचा भाग कोसळला.

येथे माझ्या शहराचा एक अनुभव सांगते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. तिने वास्तूंना वयापेक्षा महत्त्वाप्रमाणे श्रेणी दिल्या आणि विकासाला मुकणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरता येणारे चटईक्षेत्र दुसरीकडे विकण्याचा हक्क, देण्याची वाट काढली. ती व्यवस्था निर्दोष नाही. यादीतल्या कित्येक इमारती आजही मोडकळीस आल्या आहेत आणि चटईक्षेत्राचा गैरवापर झालेला मी पाहिला आहे. तरीही, पाडण्याआधी कोणाला तरी विचारावे लागते, हा फरक फार मोठा आहे. लेबनॉनच्या मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या वारसा विधेयकातही हस्तांतरणाची अशीच तरतूद होती. ते विधेयक संसदेत अडकले. राजधानीची नगर परिषद त्यासाठी जोर लावू शकते आणि तिने तो लावायला हवा.

पैसा नाही, हे आपले पहिले उत्तर असेल याची मला कल्पना आहे. २०१९ पासून लेबनॉनचे चलन लिरा कोसळले, त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक मूल्य गेले, बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवून ठेवल्या, महानगरपालिकेला कचरा उचलण्याचे कंत्राट चालवणे जड झाले. अशा काळात संग्रहालयाची मागणी करणे मला सोपे जात नाही. परंतु आपल्याच शहरातले सुरसोक संग्रहालय पाहावे. निकोला सुरसोक यांनी आपला वाडा कलेसाठी शहराला ठेवला, १९६१ मध्ये तो संग्रहालय म्हणून उघडला, आणि त्या विश्वस्ततेची जबाबदारी बैरूतच्या महापौरांकडे येते. बांधकाम परवान्यांवरील कराचा एक हिस्सा त्या संग्रहालयासाठी राखण्याची व्यवस्थाही आपल्याच महानगरपालिकेने केली. स्फोटात त्याची रंगीत काच चक्काचूर झाली, चित्रे फाटली, आणि मे २०२३ मध्ये, त्याच आर्थिक संकटात, बाहेरून मदत मिळवून ते पुन्हा लोकांसाठी उघडले. कारण त्याला स्वतःची समिती होती, संचालक होते, कर्मचारी होते, मदत कोणाच्या नावे स्वीकारायची याचे उत्तर होते. बेइत बैरूतकडे भिंती आहेत आणि ही घडी नाही. पैशाच्या आधी तिची गरज आहे.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे : कोणाचा इतिहास सांगायचा? ज्या परिषदेच्या २४ जागाही ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा निम्म्या-निम्म्या राहाव्यात यासाठी संकेत पाळावा लागतो, तिला एका भिंतीवर एक मजकूर लिहिणेही किती कठीण आहे हे मी जाणते. पण सर्वांना मान्य होणारी एकच कथा तयार होईपर्यंत थांबणे म्हणजे ते घर कधीच न उघडणे. संग्रहालयाने निकाल देण्याची गरज नाही. नेमबाजाची खोली आहे तशी ठेवावी, शेजारच्या खोलीत चौक ओलांडताना मारल्या गेलेल्यांची नावे असावीत, तिच्यापुढे बेपत्तांच्या कुटुंबीयांची साक्ष, वरच्या मजल्यावर युद्धापूर्वीचे घर, त्यातल्या दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वस्तू आणि फोटो मारिओतले चेहरे असावेत. प्रत्येक वस्तूखाली ती कोठून आली आणि कोणी दिली एवढे लिहावे. एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी एका छपराखाली ठेवणे शक्य आहे. आपल्या कलावंतांनी गेली तीस वर्षे तेच करून दाखवले आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

बेइत बैरूतसाठी परिषदेच्या ठरावाने स्वतंत्र विश्वस्त मंडळ नेमावे. त्यात महानगरपालिकेबरोबर बेपत्तांच्या कुटुंबीयांचे प्रतिनिधी, विद्यापीठांतील इतिहासकार, जतनतज्ज्ञ आणि कलावंत असावेत, आणि त्यांच्या नेमणुका जाहीर असाव्यात.

मंडळ काम सुरू करेपर्यंतही इमारत आठवड्यातील ठरलेल्या दिवशी विनाशुल्क खुली ठेवावी. रिकामी इमारतदेखील पाहण्यासारखी आहे. शाळांच्या भेटींसाठी एक दिवस राखून ठेवावा.

बांधकाम परवान्यांवरील कराचा एक निश्चित हिस्सा, सुरसोकच्या धर्तीवर, या वास्तूच्या नावे बांधून द्यावा.

भिंतींवरील मजकूर, आडोसे, फोटो मारिओच्या निगेटिव्ह आणि घरात सापडलेल्या सर्व वस्तूंची यादी करून ती जाहीर करावी, आणि मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही प्रदर्शनासाठी भिंतीला खिळा, रंग किंवा गिलावा लागू नये. जीर्णोद्धाराचा संपूर्ण हिशेबही त्याच वेळी लोकांसमोर ठेवावा.

वारसा विधेयक मंजूर होईपर्यंत, युद्धाची खूण वागवणाऱ्या किंवा विसाव्या शतकातील महत्त्वाच्या इमारतींच्या पाडकामाचे अर्ज माननीय मुहाफिज यांनी जाहीर सुनावणीशिवाय मंजूर करू नयेत. ‘अंडे’ आणि बुर्ज अल-मुर ही त्या यादीतली पहिली नावे असावीत.

यांपैकी पहिल्या दोन मागण्यांना जवळजवळ पैसा लागत नाही. परिषदेच्या एका बैठकीत ठराव होऊ शकतो आणि, बैरूतमध्ये अंमलबजावणीचा अधिकार मुहाफिजांकडे असल्यामुळे, त्यांच्या सहीने तो अमलात येऊ शकतो. आपल्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेणार आहात की नाही आणि घेणार नसल्यास का, हे कृपया लेखी आणि जाहीरपणे कळवावे. नोंदणीच्या कामासाठी, यादी तयार करण्यासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी जतनक्षेत्रातील मनुष्यबळ हवे असेल, तर मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपली नम्र,
एक जतन-वास्तुरचनाकार, मुंबई